बैलांनी पास केलेला सायलेन्सर

निरगुडसरच्या शेतकऱ्याने मोटारसायकल विकताना दोन अटी घातल्या. सायलेन्सर बदलायचा नाही, आणि पुढे कधी गाडी विकायची झाली तर आधी त्याला विचारायचे. पहिल्या अटीचे कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "आवाज गेल्यावं गाडीत ऱ्हायलं काय, पावणं?" जुन्या गाडीवर माणसाचा जीव असतो, त्यातलेच हे बोलणे असावे, असे मी धरून चाललो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी जुन्नरला एका पुणेरी दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि मला मोटारसायकलवरून कन्याकुमारीला जायचे होते. ही गाडी साडेतीनशे सीसीची, लष्कराच्या लिलावातून आलेली होती. टाकीवरचा काळा रंग जिथे उडाला होता तिथे खालचा हिरवा दिसे. मागे दोन्ही बाजूंना सामानाचे लोखंडी डबे होते, पुढे भक्कम लेगगार्ड होता आणि सीट पाटाएवढी रुंद होती. लांबच्या प्रवासाला लागते ते सगळे तिच्यावर होते आणि मागितलेली किंमत ऐकून मला संशय यायला हवा होता. इतकी स्वस्त का, हा प्रश्न बातमीच्या कामात मी कोणालाही विचारला असता. तिथे विचारला नाही.

विकणाऱ्याचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. गाडीवरून पडून त्याचे गळ्याचे हाड मोडले होते. त्याची बायको ओट्यावर उभी राहून व्यवहार पाहत होती. गाडी अंगणाबाहेर निघाल्यावर तिने स्वतः फाटक लावले आणि फाटकावरून मला सांगितले, "आता परत आणू नका."

गाडीचा एकच दोष बाहेरून कळत असे. सायलेन्सरला वाकणाजवळ बोटभर चीर होती. त्यामुळे इंजिन नुसते चालू असतानाही तीन आवाज येत. आधी नेहमीचा ठोका, मग खोकल्यासारखा दुसरा, आणि मग फाटक्या ढोलावर टिपरू पडावे तसा तिसरा. नारायणगावच्या मिस्त्रीने गाडी उतरवून पाहिली आणि कन्याकुमारीआधी करायची कामे सांगितली. क्लच प्लेटा, चेन, कार्बोरेटर आणि सर्वांत आधी सायलेन्सर. सायलेन्सरला हात लावायचा नाही, असा शब्द दिला आहे, असे मी सांगितले. "मंग कानात बोळं घालून जा कन्याकुमारीला," तो म्हणाला.

कामे सुरू व्हायच्या आधी चैत्र आला. चैत्रात या दोन तालुक्यांतल्या वार्ताहराला यात्रांशिवाय दुसरे काम नसते, आणि यात्रा म्हणजे बैलगाडे. चढाच्या धावपट्टीला इथे घाट म्हणतात. चार बैलांच्या हलक्या गाड्याच्या पुढे घोडेस्वार घोडी पळवतो, बैल तिच्या मागे सुटतात, आणि वरच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन बसलेला माणूस सेकंद सांगतो. गाड्यावर कोणी बसत नाही. बैलांनी पळायचे की नाही, हे शेवटी बैलांवर असते.

येडगावच्या बाजूच्या एका यात्रेत निरगुडसरच्या त्या शेतकऱ्याची जोडी पुढे जुंपलेली होती. त्याच्याकडे बैल आहेत हे मला तिथे कळले. घोडी सुटली, वर पोहोचली, स्वार खाली उतरला, आणि बैल होते तिथेच उभे होते. मागची जोडी दुसऱ्याची होती. ती पळायला तयार होती, पण पुढचे हलल्याशिवाय तिला वाट नव्हती. लोकांनी शेपट्या पिरगळल्या, भंडारा उधळला, आरडाओरडा केला. लाउडस्पीकरवरचा निवेदक म्हणाला, "मालक, बैल पळवाया आणल्यात का फोटू काढाया?" मी फोटो काढून घेतला. उभ्या बैलांचा फोटो काढणे सोपे असते.

फिल्म आणि बातमीचे पाकीट नारायणगावहून पुण्याच्या एसटीत द्यायचे होते, म्हणून मी घाटाच्या पायथ्याशी लावलेल्या गाडीला किक मारली आणि निघालो. मागे गलका झाला. तो पुढच्या बारीचा, म्हणजे पुढच्या गाड्याच्या पाळीचा, असेल असे मला वाटले. कालव्याच्या रस्त्याला लागल्यावर आरशात पाहिले तर चार बैल रिकामा गाडा घेऊन माझ्या मागे येत होते. त्यांच्या शिंगांना एका बर्फगोळेवाल्याचे छत लटकले होते. मी वेग वाढवला. त्यांनीही वाढवला. माणूस संकटात वेग वाढवतो आणि हे बैल नेमके त्यासाठीच शिकवलेले होते, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

पुढे क्लच घसरू लागला आणि गाडी बंद पडली. मी कालव्याच्या कठड्यावर चढलो. बैलही थांबले. पुढचे दोघे आले, मागच्या दिव्याला नाके लावून उभे राहिले आणि वाट पाहू लागले.

थोड्या वेळाने बैलांचा मालक एका मोपेडवर मागे बसून आला. त्याने आधी बैलांचे पाय तपासले, मग गाडीची टाकी पुसली आणि मग कबुली दिली. बैल खोंड होते तेव्हा त्याच्याकडे घोडी नव्हती. घोडीला रोज दाणा लागतो, म्हणून त्याने त्यांना या मोटारसायकलमागे पळायला शिकवले. गेल्या वर्षीपर्यंत शर्यतीच्या दिवशी तो गाडी घाटाच्या माथ्यावर चालू ठेवून उभा राहायचा. लोकांना वाटायचे, याला किक मारायचा कंटाळा आहे. मग सराव करताना तो बैलांच्या पुढे पडला, हाड मोडले, आणि बायकोने गाडी घरात ठेवायला नकार दिला. आता बैल मोठे झाले, घोडीमागे पळतील, असा त्याचा अंदाज होता.

अंदाज चुकल्याचा परिणाम मघाशी घाटावरच ठरला होता. गावच्या यात्रेत बैल पळाले नाहीत तर दुसऱ्या आठवड्यात बेल्ह्याच्या बाजारात विकायला न्यायचे, असे त्याच्या बायकोने आणि थोरल्या भावाने सगळ्यांसमोर म्हटले होते. उभे राहून खाणारे बैल घरात नकोत. तो माझ्याकडे न पाहता बैलाच्या वशिंडावर हात ठेवून बोलला.

"तुमी कन्याकुमारीला जावा, आमी न्हाई म्हनत न्हाई. पन आमच्या यात्रेपातूर गाडी हाय तशी ऱ्हाऊ द्या. तिला लई चांगली करू नका."

मी कबूल केले. बातमी म्हणूनही ते सोयीचे होते, असे मी स्वतःला सांगितले.

त्यानंतर गाडीची देखभाल ज्या पद्धतीने झाली तशी मी पुढे कोणत्याही गाडीची पाहिली नाही. क्लच बदलणे अटळ होते. पण कोणतेही काम झाले की गाडी निरगुडसरला न्यायची, गोठ्यापासून थोड्या अंतरावर चालू ठेवायची आणि बैलांचे कान पाहायचे. कान उभे राहिले की काम पास. क्लच पास झाला. चेन पास झाली. कार्बोरेटर साफ केल्यावर मात्र गाडीचा तिसरा, ढोलासारखा आवाज गेला. बैलांनी एकदा आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा रवंथ सुरू केला. मालक खाली बसला.

मी गाडी परत नारायणगावला नेली आणि मिस्त्रीला कार्बोरेटर पहिल्यासारखा करून द्यायला सांगितले. पहिल्यासारखा म्हणजे कसा, असे त्याने विचारले. खराब, मी म्हटले. त्याने हात पुसले. "आजवर गाड्या दुरुस्त केल्या, राव. बिघडवायची ऑर्डर ही पयलीच." काम सोपे नव्हते. गाडी आपोआप जितकी बिघडते तितकी ठरवून बिघडत नाही. तो स्क्रू फिरवत असे, मी निरगुडसरला जात असे आणि नापास होऊन परत येत असे. शेवटी मिस्त्रीच दुकान बंद करून माझ्यामागे बसून आला. गोठ्यासमोर बसून त्याने बैलांकडे पाहत स्क्रू फिरवला. कान उभे राहिले तेव्हा त्याने पाना खिशात घातला आणि चहा मागितला.

आता प्रश्न यात्रा कमिटीचा होता. घोडीऐवजी मोटारसायकल चालेल का, यावर देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. ती मी वार्ताहर म्हणून ऐकली आणि गाडीमालक म्हणून मध्ये मध्ये उत्तरे दिली. नियमात घोडी म्हटले होते, पण मोटारसायकल नको असेही म्हटलेले नव्हते. एका वयस्कर सभासदाचा मुद्दा लगामाचा होता. घोडीला लगाम असतो, हिला काय? ब्रेक आहे, असे सांगण्यात आले. लागतो का, असे त्यांनी विचारले. त्यावर खरे उत्तर देणे अडचणीचे होते. मालकाच्या भावकीतला एक जण म्हणाला, "उद्या कुनी ट्रॅक्टर आनंल, त्याला बी घोडी म्हनायचं का?" अखेर असे ठरले की घाटात घोडीच पळेल. मात्र माथ्यावर, रेषेच्या पलीकडे, वार्ताहराची गाडी उभी असायला हरकत नाही, आणि ती चालू आहे की बंद, हे पाहणे कमिटीचे काम नाही.

यात्रेच्या दिवशी मी माथ्यावर गाडीवर बसून होतो. खाली त्यांची जोडी पुढे जुंपली तेव्हा निवेदकाने येडगावची आठवण काढली आणि लोक हसले. घोडी सुटली. मी किक मारली आणि गाडीचा आवाज चढवला. खोकला आला, ढोल वाजला.

एवढ्या उंचीवरून बैलांचे कान दिसत नाहीत. पण बैल दिसले आणि मग फक्त धूळ दिसली. ते घोडीच्या बरोबरीने वर आले. एरवी रेषेपलीकडे बैल आवरताना माणसे जखमी होतात. इथे मी गाडी बंद केली आणि चारही जण माझ्या मागच्या दिव्यापाशी येऊन थांबले. त्यांना धरायला धावलेल्या माणसांना काही कामच उरले नाही. कमिटीने वेळ चांगली म्हणून जाहीर केली, भावकीने हरकत घेतली आणि तडजोड म्हणून जोडीला दुसऱ्या नंबरात बसवले. मी दिलेल्या बातमीत मोटारसायकलचा उल्लेख नव्हता. डेस्कने तीही अर्धी कापली.

संध्याकाळी खेडकडचा एक गिऱ्हाईक निरगुडसरला त्यांच्या घरी आला. त्याने बैल पाहिले, दात पाहिले, आणि मग अंगणात लावलेल्या गाडीभोवती फिरला. त्याला जोडी हवी होती, पण गाडीसकट. नुसते बैल नेऊन त्यांचे करायचे काय, हा त्याचा हिशेब बरोबर होता. त्याने सांगितलेला आकडा ऐकून थोरल्या भावाने पानाचा डबा पुढे केला. मालक बायकोकडे पाहत होता. बाजाराचे तीच बोलली होती, गाडी घराबाहेर तिनेच काढली होती. ती चहाचे कप गोळा करत होती.

"गाडी इकायची न्हाई," ती म्हणाली.

"मंग नुसतं बैल द्या," भाऊ म्हणाला.

"आन् ते पळत्याल कुनाच्या मागं? बैल तिचं हायेत."

गिऱ्हाईक उठला. गाडीच्या मालकाला, म्हणजे मला, कोणी काही विचारले नाही. ते मीही निघताना लक्षात आणून दिले नाही. तिने या वेळी फाटक उघडे धरले आणि रविवारी या म्हणाली. आठवड्यातून एकदा आवाज कानावर पडला नाही तर बैल विसरतात, असे त्यांचे म्हणणे होते.

रविवारी निरगुडसर म्हटल्यावर प्रवासाचा आवाका आपोआप ठरला. कन्याकुमारी गेली. गोवाही गेला. शेवटी दिवाळीनंतर मी माळशेज उतरून समुद्रापर्यंत जायचे आणि रविवारच्या आत परत यायचे, असे ठरवले. लोखंडी डब्यांत कपडे भरले, मागे तंबू बांधला आणि जुन्नरहून निघालो. मढपर्यंत गाडी उत्तम चालली. मढला एसटी थांब्याजवळ मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि लगेच सगळ्या गावाला ऐकू जाईल असा स्फोटासारखा आवाज सुरू झाला. सायलेन्सर चिरेपाशी तुटून रस्त्यावर पडला होता.

थांब्याजवळ एक वेल्डिंगवाला होता. त्याने दोन्ही तुकडे जुळवून पाहिले आणि नवीन सायलेन्सर आळेफाट्याहून मागवून देतो, संध्याकाळपर्यंत बसेल, उद्या घाट उतरा, असे सुचवले. सूचना चांगली होती. गाडी मी त्यासाठीच घेतली होती, डबे भरलेले होते, आणि पुढचा घाट तिथून फार लांब नव्हता.

हाच जोडा, मी म्हटले. पण जोडताना चीर राहिली पाहिजे. जेवढी होती तेवढीच.

त्याने कारण विचारले. एवढ्या वर्षांच्या बातमीदारीत मी पुष्कळ गोष्टी थोडक्यात सांगायला शिकलो होतो. बैल या आवाजामागे पळतात, मी म्हटले.

त्याने मान हलवली आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. मग हातातली कांडी लावण्याआधी थांबला.

"कुठल्या गावचं बैल?" त्याने विचारले. मी निरगुडसर सांगितले.

"यात्रंत पळाली ती पुढची जोडी का? मंग चीर माप घिऊन ठिवतो. वाईच थांबा."