उशीतलं रेशनकार्ड

भिजून वाळलेल्या कागदाचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? कापूस, घाम आणि बुरशी यांचा मिळून एक मंद, आंबूस वास. माझ्या घरातल्या लोखंडी पेटीचं झाकण उघडलं की तो अजूनही येतो आणि हात क्षणभर थबकतात.

किन्हीराजा गावात आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई रोजंदारीवर जायची, तेव्हा शेजारच्या शेवंताकाकूंनी मला कित्येकदा आपल्या ताटातली भाकर दिली आहे. ते ऋण कसं फेडावं? मला येत होतं ते मी करू लागलो. गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहायचे आणि प्रत्येकाला बजावायचं, की कागद जिवापाड सांभाळा. काकूंनी माझा शब्द मनावर घेतला. पिवळं रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी ते नवऱ्याच्या उशीत शिवून टाकलं. उंदीर, गळकं छप्पर, चोर, कशाचंच भय नाही. किती विचारपूर्वक निवडलेली जागा!

भाद्रपदात काकूंचे यजमान नामदेवकाका तापाने गेले. माणूस गेला की त्याचं अंथरूण, त्याची उशी गावाबाहेर नाल्याकाठी टाकायची आणि मागे न पाहता परतायचं, ही आमच्याकडची रीत. भावकीने ती पाळली. काकू तेव्हा भानावर कुठे होत्या?

कर्ता माणूस गेलेल्या गरीब घराला सरकारकडून एकदा मदत मिळते. काही दिवसांनी तिचा अर्ज लिहायला घेऊन मी कार्ड मागितलं, तेव्हा काकूंना नाल्याकाठी टाकलेली ती उशी आठवली. दिवाळी जवळ येत होती. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवराबायकोच्या जोडीला मुकादम एक कोयता म्हणतो. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला गाडीत जागा नसते. मदत वेळेवर आली, तर काकू गावातच राहणार होत्या. नाही आली, तर काकांची जागा त्यांच्या दहावीतल्या मुलीने, कविताने भरायची होती.

आम्ही नाल्यावर निघालो. वाटेत काकूंच्या थोरल्या जावेने अडवलं. मेलेल्याचं सोडलेलं परत आणशील तर आमच्या दारात पाय ठेवू नको, असं तिने सुनावलं. काकू थांबल्या नाहीत.

"जित्यापनी त्यायनं कोनाले तरास नाही देला," त्या चालता चालता म्हणाल्या. "आता कायले देतील?"

उशी एका बाभळीच्या बुडाशी अडकली होती. शिवताना पिशवीतून सुई जिथे जिथे गेली होती, तिथून तिथून पाणी आत शिरलं होतं. कार्डावर काकांच्या नावाचा जांभळा डाग तेवढा उरला होता.

मालेगावला तहसील कचेरीच्या खिडकीतल्या माणसाने ते दोन बोटांत धरून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. दुय्यम प्रत काढा, अर्जावर कुटुंबप्रमुखाची सही आणा, असं त्याने शांतपणे सांगितलं. कुटुंबप्रमुख वारले म्हणूनच आलो आहोत, असं मी म्हटल्यावर तो थोडा ओशाळला. मग आधी प्रमुखाचं नाव बदलून घ्या, म्हणाला. त्यासाठी आम्ही जिल्ह्याला, वाशीमला गेलो. तिथून पुन्हा मालेगावला आलो. माझ्या अर्जात एक काना-मात्रा चुकली नव्हती. त्या शुद्ध अक्षराचा मला केवढा अभिमान होता! पण प्रत्येक खिडकीत पहिल्यांदा मागितलं गेलं ते कार्डच.

अर्ज अजून कुठल्याशा टेबलावर आहे. गाडी मात्र ठरल्या दिवशी आली. भांडी, पांघरुणं आणि बकरीचं पिल्लू वर चढवून झाल्यावर कविता माझ्याकडे आली आणि तिने शाळेच्या पुस्तकांची पिशवी माझ्या हातात दिली.

"दादा, सांभाळून ठेवजो," ती म्हणाली आणि किंचित हसली. "उशीत नको ठेवजो."

मी ती पेटीत ठेवली. तळाशी माझं पदवीचं प्रमाणपत्र आहे, त्यावर ते डागाळलेलं कार्ड, त्यावर तिची पुस्तकं. परवा पेटी उघडून तिचं भूगोलाचं पुस्तक सहज नाकाशी नेलं. अजून अर्धंही वाचून न झालेल्या त्या पुस्तकाला आता तोच वास येऊ लागला आहे.