हात नंतर लागले

रस्त्यात ट्रामचा घोडा कोसळला की भास्करकाका ट्रामच्या दांडीला धरून उभे राहत आणि आत बसलेल्यांना झापत. घोडेवाल्याला कधीच नाही. "उतरा. पाय दिलेत ना देवाने?" लोक त्यांना वेडे समजत. उन्हाळ्यात तेव्हा घोड्यांना टोप्या घालत असत. त्याचाही त्यांना संताप. "ओढायचं त्यांनीच, वर टोपी घालून उपकार!"

मुलांनो, परदेशातल्या त्या प्रदर्शनातून तुम्ही धाडलेली पुढच्या काळातल्या मोटारींची चित्रे पाहिली. कोणी विमानासारखी, कोणी माशासारखी. तुम्हाला नवल वाटले. मला राग आला, आणि तो तुमच्यावर नाही.

भास्करकाका माझ्या वडिलांचे बालमित्र. फोर्टात कारकून, आमच्याच फणसवाडीत बिऱ्हाड. वडिलांनी त्यांना आमच्या तबेल्याचा कोपरा आणि लाकूड दिले. तिथे त्यांनी बिनघोड्याची गाडी बांधली. मोटार हा शब्दही आमच्याकडे कोणी ऐकला नव्हता. तीन चाके, आणि वर पापलेटासारखा चपटा, निमुळता सांगाडा. "मासा पाण्यात अडतो का? मग ही वाऱ्यात का अडेल?" दारावर येणारी कोळीण म्हणायची, "राव, ह्यो माझ्या टोपलीत मावायचा नाय."

माशाच्या पोटात बसून काका शिवणयंत्रासारख्या फळ्या पायांनी दाबत आणि माशाच्या उघड्या तोंडातून रस्ता बघत. बसणाऱ्यांची जागा वर, पण तोंड मागे. का, म्हणून मी विचारले. म्हणाले, "यमे, पुढचं काय बघायचं? ते येणारच आहे. आपण कोणाला चिखल उडवला ते बघत बसावं." वडील चिडवत, "अरे भास्कर, घोडा सोडलास आणि माणूस जुंपलास." काका म्हणत, "माणसाला नको म्हणता येतं."

ती गाडी आपली आपण चालते हे एकदा साऱ्या गिरगावाने पाहावे, एवढेच त्यांना हवे होते. माझ्या दादाचे लग्न ठरले तेव्हा वडील म्हणाले, वरात हिच्यातूनच काढू. काका महिनाभर तेलात माखलेले असत. जेवायलासुद्धा बोलवावे लागे.

वरातीच्या संध्याकाळी वर दादा, माझ्याहून थोडीशीच मोठी असलेली वहिनी, आणि करवली म्हणून मी. आमची तोंडे मागे, त्यामुळे मागचा रस्ता मला स्वच्छ दिसत होता. माणसे दूर, भिंतीला चिकटून उभी होती. मासा चावेल की काय अशी. बँड सुरू झाला. खाली फळ्यांचा खडखडाट झाला, एक हिसका बसला आणि गाडी चालू लागली. संथ, पण चालू लागली. मागे कोणी नव्हते. बँडवाल्यांनासुद्धा बाजूला सरून वाट द्यावी लागली.

मग लोकांना आनंद झाला. आपल्या लोकांना आनंद झाला की त्यांचे हात गप्प राहत नाहीत. देवाचा रथ असल्यासारखी सगळी धावली आणि ढकलू लागली. पोटातून काका ओरडत होते, "हात काढा! अरे, हात काढा!" बँडपुढे कोणाला ऐकू जाणार? मी हातवारे करून सांगत होते. लोकांना वाटले, करवली खुशीत आहे.

दुसऱ्या दिवशी पंगतीत व्याह्यांनी गाडीची चौकशी केली. वडील हसत म्हणाले, "वाडीतल्या मंडळींनी ढकलली म्हणून अब्रू वाचली हो." सगळी पंगत हसली. काका समोरच जेवत होते. ते शांतपणे म्हणाले, "यमेला विचार. तिचं तोंड मागे होतं."

मी म्हणाले, "गाडी आधी चालली. माणसं मग आली."

"झालं! आता करवलीची साक्ष काढा," वडील म्हणाले, आणि काकांच्या पानात श्रीखंड वाढायला सांगितले.

वडिलांना ठाऊक होते. चाचणीच्या दिवशी तबेल्याच्या अंगणात त्यांनी स्वतः ती चालताना पाहिली होती. पण व्याह्यांना हसवायचे होते, आणि त्यासाठी मित्र स्वस्त पडला.

काका भरल्या पानावरून उठले. पुन्हा आमच्या घरी आले नाहीत, आणि त्यांनी काही बांधलेही नाही. प्लेगाच्या साथीत गिरगाव सोडून शीवेकडे झोपडीत राहायला गेले, तिथेच वारले. माशाच्या फळ्या माझ्या लग्नात पाणी तापवायला चुलाणात घातल्या. त्या पाण्याने मला न्हाऊ घातले, हे मला नंतर कळले.

इतकी वर्षे झाली, वडील होते, आता सोडून दे, असे मला सगळे सांगतात. मी सोडणार नाही. मी शाळेत शिकले, पुढे शिकवलेही. डोळ्यांनी न पाहिलेले बोलायची मला सवय नाही. तिकडे त्या चकचकीत गाड्यांपुढे कोणी विचारले, की अशी कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली, तर माहीत नाही म्हणा. पण एवढे ठामपणे सांगा, की गिरगावात एक गाडी आपली आपण चालली होती. हात नंतर लागले.