सुनेची मोटरसायकल आणि साबणमिस्त्री

मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या माणसालाच ऑइलची शिसारी यावी, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण साबणमिस्त्रींचं तसंच होतं. तेहेतीस वर्षं त्यांनी घराखालच्या गॅरेजात गाड्या खोलल्या आणि तेहेतीस वर्षं नाक मुरडलं. चार नट सोडवले की उठून हात धुवायचे. दिवसाला अर्धी वडी संपायची, नाव त्यातूनच पडलं. मडगार्डच्या आत चिकटलेला चिखलाचा आणि केसांचा लगदा, एअर फिल्टरमध्ये मरून पडलेले किडे, घामानं काळी पडलेली हँडलची मूठ, सगळ्यावर त्यांचं एकच मत असायचं : "शी!" काम मात्र इतकं चोख की गिऱ्हाइकं ती शी ऐकून घ्यायची आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायची.

असल्या माणसाच्या घरात सून आली ती मोटरसायकलवर बसून.

सून पंप बनवणाऱ्या कारखान्यात क्रेनच्या खाली उभी राहायची. वर केबिनमध्ये बसलेल्या माणसाला हातवारे करून सांगायचं, ओझं कुठून उचल, कुठे थांब, कुठे टेकव. कारखाना गल्लीच्या टोकाला असला तरी माहेर लांब, म्हणून तिनं लग्नाआधी ही जुनी गाडी घेतलेली. मुलगा औषधांच्या दुकानात होता, त्याला सायकलसुद्धा धड येत नव्हती. तो सुनेच्या मागे बसून जायचा, तेही हसत हसत. मिस्त्रींना त्याचंही काही वाटलं नसतं. त्यांच्या डोक्यात तिडीक जायची ती त्या गाडीच्या सायलेन्सरमुळे.

कंपनीचा सायलेन्सर आधीच्या मालकानं काढून टाकला होता आणि बाजारातला दुसराच बसवला होता. मनगटाएवढी जाड नळी इंजिनाच्या पोटाखालून आडवी गेलेली, उष्णतेनं निळीजांभळी पडलेली, सडल्या मांसासारखी. जोडांवरचं वेल्डिंग म्हणजे कुणीतरी थुंकून ठेवल्यासारखे गोळे. टोकाला पत्र्याचा एक आखूड डबा. नळीला जागा करायची म्हणून त्या महाभागानं गाडीचा डबल स्टँडही कापून टाकला होता. गाडी सुरू झाली की कपाटातल्या बशा थरथरायच्या आणि अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा भपकारा थेट स्वयंपाकघरात. पहिल्या सकाळी मिस्त्रींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"सांग तिला," ते बायकोला म्हणाले, "ही घाण माझ्या दारात नको."

सून तिथेच समोर चपाती लाटत होती.

"ऐकलं तिनं," बायको म्हणाली.

पुढचे सात महिने असंच चाललं. सासरे सुनेशी बोलत, पण बायकोच्या तोंडून. सून सरळ त्यांच्याशीच बोले, "बाबा, तुम्ही" करून, आणि उत्तर सासूकडून घेई. गाडी ती गॅरेजात न लावता बाहेर भिंतीशी लावायची. मिस्त्रींनी त्या गाडीला एकदाही हात लावला नाही. जाता-येता दिसली तर मान फिरवायचे, उघड्या गटाराशेजारून जाताना फिरवतो तशी.

मग एक दिवस मागचं चाक कुरकुरू लागलं. तो आवाज मिस्त्रींनी आठवडाभर सोसला. गॅरेजवाल्याच्या घरची गाडी बेअरिंग रडवत गल्लीतून फिरते, याची त्यांना सायलेन्सरपेक्षाही जास्त लाज वाटू लागली. शेवटी जेवताना ते आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाले, "तिला सांग, उद्या गाडी ठेवून जा म्हणावं. चाक काढून बघतो."

सून म्हणाली, "बाबा, पण एक करा. पोटाखाली जॅक लावू नका, तिथे नळी आहे. ती भार घेणार नाही. मी चारला येते, मग दोघं मिळून उचलू. वरून पट्टा बांधू."

मिस्त्रींनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तेहेतीस वर्षं मी काय गाड्या फुंकर मारून उचलल्या?"

"तसं नाही हो बाबा. या गाडीचं..."

"हात धुवून येतो," म्हणत ते उठले.

दुसऱ्या दिवशी सून चालत कामाला गेली. मिस्त्रींनी गाडी आत घेतली, साइड स्टँडवर लावली, आणि आलीच आहे तर म्हणून आधी ऑइल काढलं. ते डांबरासारखं काळं निघालं, करपलेल्या तेलाचा वास मारत. ट्रे काठोकाठ भरला. ट्रे उचलून बाजूला ठेवणंसुद्धा मिस्त्रींच्या जिवावर आलं.

आता चाक काढायला गाडी उचलायची. डबल स्टँड नाहीच. इतर गाड्यांना ते इंजिनाखाली लाकडाची फळी ठेवत आणि फळीखाली जॅक. तेच करायचं ठरवलं. एरवी ते आधी जमिनीला गाल लावून गाडीचं पोट बघत. फ्रेमचे दोन दांडे कुठून जातात, फळी कुठे बसेल, सगळं डोळ्याखालून घालत. आज मात्र खाली वाकायला मन होईना. खाली ती निळी नळी, तिच्यावर जळून चिकटलेला चिखल, बाजूला तो ट्रे. न बघताच, हाताच्या अंदाजानं त्यांनी फळी आत सरकवली. बायकोला हाक मारली, "अगं, जरा हँडल धर. नुसतं धर, जोर नको लावू."

"सून येऊ दे की," बायको म्हणाली.

"धर म्हटलं ना!"

जॅकचा दांडा वरखाली होऊ लागला. गाडी साइड स्टँडवरून उचलली गेली, मागचं चाक जमिनीपासून सुटलं. तेवढ्यात पोटाखालून 'कर्र' असा आवाज आला. फळी दांड्यांवर टेकलीच नव्हती, सगळा भार नळीवर होता. नळीचा पत्रा चेपला, तिला धरणारी पट्टी तुटली आणि गोल नळीवर गाडी लोळली. बायकोच्या हातून हँडल सुटलं. मिस्त्री स्टुलावर बसले होते, ते मागे कोसळले आणि दीडशे किलोचं धूड त्यांच्या उजव्या नडगीवर आलं. कोपर नेमकं ट्रेमध्ये. काळं ऑइल छातीवर, मानेवर, तोंडात.

त्यांनी किंकाळी फोडली असती, पण तोंड उघडलं की ऑइल आणखी आत जायचं. ओठ घट्ट मिटून ते नाकानं कण्हत पडून राहिले. टाकीच्या झाकणातून पेट्रोल टपटपत होतं. बायकोनं गाडी ओढायचा प्रयत्न केला, ती हलेना. तिनं बाहेर धावत जाऊन एका पोराला कारखान्याकडे पिटाळलं. आरडाओरडा ऐकून शिंपी आणि त्याचा भाऊ समोरच्या दुकानातून आले आणि दोघांनी दोन बाजूंनी गाडी धरली.

"हं, एक, दोन..."

"थांबा!"

सून दारात होती, डोक्यावर पिवळं हेल्मेट तसंच. तिनं मूठ वळून हात वर केला होता. ती खूण शिंप्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण दोघांचे हात जागच्या जागी थांबले.

"ओढली तर त्यांच्या पायावरूनच लोळेल. कुणी हलवू नका. बाबा, बोटं हलतात का?"

मिस्त्रींनी होकारार्थी मान हलवली.

तिनं आधी पेट्रोलचा कॉक बंद केला. मग त्यांच्याशेजारी त्या काळ्या राड्यात गुडघे टेकले, गाल जमिनीला लावला आणि गाडीच्या पोटाकडे पाहत राहिली. मिस्त्रींना वाटलं आता घाई करेल, पण ती सगळं निरखून होईपर्यंत जागची हलली नाही. इंजिनं काढायला मिस्त्रींनी वरच्या तुळईला साखळीची कप्पी टांगली होती. तिनं जाड कापडी पट्टा मागवला, फ्रेमच्या भक्कम भागाला सीटखालून घेतला आणि कप्पीच्या आकड्यात अडकवला. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. शिंप्याला हँडलवर उभं केलं, त्याच्या भावाच्या हातात साखळी दिली.

"मी तळहात वर करीन तेव्हाच ओढायची. मूठ दिसली की थांबायचं. बोलायचं नाही."

गाडी बोटभर उठली. मूठ. तिनं फ्रेमच्या दांड्याखाली ठोकळा सरकवला. पुन्हा तळहात, आणखी बोटभर. ठोकळ्यावर ठोकळा. चौथ्या वेळी पाय मोकळा झाला. सासूनं काखेत हात घालून नवऱ्याला मागे ओढलं.

मिस्त्री भिंतीला टेकून बसले आणि पहिल्यांदा तोंडातलं थुंकले. मग आणखी थुंकले. सून फडकं घेऊन त्यांचे ओठ पुसू लागली, तेव्हा ते म्हणाले, "शी!" तिनं हात मागे घेतला.

"तुला नाही गं," ते म्हणाले. "मला. मी वाकून बघितलं नाही."

नडगीचं हाड चिरलं होतं, सहा आठवडे प्लास्टर. मिस्त्रींना खरा त्रास झाला तो प्लास्टरच्या आतल्या घामाचा. त्या वासानं त्यांची झोप उडायची. पडल्या पडल्या ते पुन्हा पुन्हा तोच दिवस उगाळत. दुसऱ्यानं असं केलं असतं तर त्यांनी त्याला गॅरेजात पाऊल ठेवू दिलं नसतं. डोळ्यांना घाण वाटली म्हणून मिस्त्री गाडीखाली बघत नाही, याहून गलिच्छ काम काय असतं, असं ते बायकोजवळ दोनदा म्हणाले. तिनं त्यांची समजूत काढली नाही. हँडल सुटताना मुरगळलेलं तिचं मनगट अजून सुजलेलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा आत आली. मिस्त्री खुर्चीवर, पाय स्टुलावर. सून म्हणाली, "सांगा बाबा, कुठून उचलू?"

"मी काय सांगू? तूच सांग."

"मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला दोन्हीकडे बोल्टची भोकं आहेत. तिथे दोन गुटके बसवून खालून आकडेवाला स्टँड घेतला, तर नळीला स्पर्शच होणार नाही. पण गुटक्याच्या बोल्टचा आटा कुठल्या मापाचा, ते मला कळत नाही."

"कळेल. ती पेटी दे इकडे." पेटीतून बोल्ट काढता काढता ते म्हणाले, "आणि पुढचा ब्रेक दोरीनं बांधून ठेव. मागचं उचललं की गाडी पुढे पळते."

"हे मला माहीत नव्हतं," सून म्हणाली.

मिस्त्रींना बरं वाटलं, पण तसं त्यांनी दाखवलं नाही. गाडी सरळ उभी राहिली, चाक निघालं. बेअरिंगमधून गंजाचा आणि कुजक्या ग्रीसचा चिखल बाहेर आला आणि त्यांनी तोंड फिरवलं. फिरवलेलं तोंड तसंच ठेवून विचारलं, "हा सायलेन्सर तरी बदलशील का? चेपलाच आहे नाहीतरी."

"नाही बाबा. ठोकून सरळ करून घेईन. मला आवडतो तो आवाज."

"आवडतो?"

"दिवसभर मी मुकी असते. क्रेनखाली तोंड उघडून उपयोग नाही, नुसते हात हलवायचे. घरी येताना कुणीतरी माझ्या वतीनं ओरडतंय, बरं वाटतं."

मिस्त्रींना ते पटलं नाही. असल्या कारणासाठी गल्लीच्या नाकात धूर सोडायचा, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण आता ते तिला सरळ बोलून दाखवू लागले आणि ती सरळ नाही म्हणू लागली. सासू म्हणायची, माझं निरोप्याचं काम गेलं एकदाचं.

पाय बरा झाला, चालताना थोडा ओढला जातो. असले सायलेन्सर लावलेल्या गाड्या मिस्त्री पूर्वी दारातूनच परत पाठवत. आता घेतात, सुनेच्या सुट्टीच्या दिवशी. गिऱ्हाइकाला बाकावर बसवतात, स्वतः जमिनीवर आडवे होतात, गाल फरशीला लावतात आणि खालूनच ओरडतात, "शी, शी, काय केलंय हे! अगं ए, इकडे ये, बघ जरा, पट्टा कुठून घ्यायचा?"