मखमलीचा ठसा

अम्मी गेली आणि माझा धाकटा भाऊ कोसळला. जेवेना, झोपेना, दापोड्याच्या गोदामातली ड्युटीही सोडली. सगळं खानदान त्याच्या उशाशी. मी चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाआधीच लॅबमध्ये जायला लागले, तर खाला म्हणाली, "पोरगी खंबीर हाय हो!" खंबीर! या शब्दाचा मला असा संताप येतो ना!

आमच्या लॅबमध्ये यीस्टच्या पेशींना उष्णतेचा ताण देतात. प्लेटवर पेशींचे ठिपके वाढवलेले असतात, प्रत्येक ठिपक्यात वेगळा जीन बिघडवलेला. त्यांवर मखमलीचा तुकडा दाबायचा आणि तोच ठसा दोन नव्या प्लेटींवर उठवायचा. एक बेताच्या उबेत ठेवायची, दुसरी चांगली गरम. जो ठिपका पहिलीवर वाढतो नि दुसरीवर मरतो, तो आमच्या कामाचा. त्यात बिघडवलेला जीन उष्णता सोसण्यासाठी गरजेचा असतो, हे त्यावरून कळतं. जे दोन्हीकडे वाढतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

लॅबची मखमल संपली, म्हणून अब्बांना घेऊन धामणकर नाक्यावर गेले. निर्जंतुक करताना वाफेत टिकणारी सुतीच हवी होती. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, "प्योर कॉटन." अब्बांनी आयुष्यभर लूम चालवलेले. त्यांनी एक धागा उपसला, काडी ओढली. धागा वितळून त्याची गोळी झाली. "सेठ, कॉटन की राख होती है," अब्बा म्हणाले. दुसऱ्या ताग्यातल्या धाग्याची राख झाली, तो तागा घेतला.

घरी अब्बा चौकोन कापायला बसले. "करता काय गं याचं?"

मी सगळं सांगितलं. शेवटचं मुद्दाम सावकाश. "जे सोसतात ना अब्बा, त्यांना कोणी विचारत नाही."

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. माझी तर आईच गेलेली. अब्बांनी एकदा विचारावं, बेटा, तुला कसं वाटतंय? बस, एवढंच हवं होतं मला.

अब्बांची कात्री थांबली. तेवढ्यात आतल्या खोलीत भाऊ खोकला.

"त्यानं चहा घेतला का बघतो," म्हणत अब्बा उठले. दारात वळून म्हणाले, "उरलेले तू कापशील ना? तू हायस म्हणून मला फिकर न्हाय."

इतकं एकटं मला मय्यतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"कापते," मी म्हटलं. आवाज अगदी खंबीर आला.