म्हशीचं की बकऱ्याचं

आमचे भाऊजी बुटांच्या दुकानात विक्रेते होते. त्यांचा हट्टी स्वभाव सोसून माझ्या ताईने एवढी वर्षं संसार कसा केला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच, मध्ये फक्त एक काच. त्यामुळे घरचा माणूस बाहेर कसा वागतो, हे बघण्याची शिक्षा मला रोजच होती.

त्यांच्याकडे घोट्याच्या वर येणारा एक काळा बूट होता. साचा तोच, शिलाई तीच, तळ तोच, चामडं मात्र दोन तऱ्हेचं. एक म्हशीचं आणि एक बकऱ्याचं. पॉलिश झाल्यावर दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसायचे. म्हशीचं जाड, आडमुठं, सुरुवातीला छळणारं, पण मग वर्षानुवर्षं टिकणारं. बकऱ्याचं मऊ, पहिल्या दिवसापासून गोडीगुलाबीने वागणारं. गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "सारखेच तर दिसतात, मग घेऊ कुठला?" भाऊजी त्याच्या एका पायात म्हशीचा आणि दुसऱ्या पायात बकऱ्याचा बूट चढवायचे आणि म्हणायचे, "डोळे मिटा आणि त्या भिंतीपर्यंत जाऊन या. डोळे फसतात, पाय फसत नाही." मोठमोठी माणसं डोळे मिटून दुकानभर चाचपडत चालायची. मला काचेतून हसू फुटायचं. पण परत आल्यावर प्रत्येकजण न अडखळता आपल्या एका पायाकडे बोट दाखवायचा.

साखर भाऊजींच्या अंगात कधी मुरली, कोण जाणे. ताईने मागे लागून लागून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोबत मी होतो. बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि विचारलं, "अंगठ्याला टोचतंय का?"

"टोचतंय की!" भाऊजी जोरात म्हणाले.

बाईंनी अजून सुई लावलीच नव्हती. ताईने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

बाई न रागावता म्हणाल्या, "मऊ चामड्याचा बूट घाला. आत बोचणारी शिवण नको. आणि रोज घरी गेल्यावर पाय नीट बघायचा, तळव्यापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत. तुमचा पाय आता स्वतःहून काही सांगणार नाही. तुम्हालाच त्याची विचारपूस करावी लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, मी काचेतून बघितलं तर भाऊजी डोळे मिटून भिंतीकडे चालले होते. परत आले, खाली बसले, दोन्ही बूट काढले. डोळे मिटूनच समोरचे दोन्ही जोड इकडचे तिकडे केले, हाताला लागला तो डावा-उजवा लेस न बांधताच घातला आणि पुन्हा चालले. मग गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून राहिले. मी हातातलं काम टाकून तिकडे गेलो.

"सांग बरं, कुठल्या पायात कुठला आहे?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? घातलेत तुम्ही."

"म्हणून तर विचारतोय."

ते थट्टा करत नव्हते. मला एकदम भीती वाटली. माणूस चाळिशीत आंधळा झाला तर चार लोक हळहळतात. यांचे पाय आंधळे झाले होते आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण ते पायांवर उभे राहूनच भाकरी कमवत होते.

"मग प्रश्नच मिटला," मी म्हणालो. "बाईंनी सांगितलंय तसं करा. बकऱ्याचा घाला."

त्यांनी पायातले बूट काढले आणि म्हशीचा जोड चढवला. त्या बुटाची वरची कड इतकी ताठ होती की लेस आवळल्यावर नडगीला रुतायची. तिथवर अजून जाणीव शाबूत होती. "इथे लागतं," ते कडेवर बोट ठेवून म्हणाले. "बकऱ्याच्यात तर पाय आहे की नाही तेच कळत नाही रे. चांगला बूट आधी चावतो, मग आपला होतो. चावतोय तोवर पाय जिवंत आहे."

आयुष्यभर जे गिऱ्हाइकांना ऐकवलं, ते त्यांनी स्वतःलाच विकलं. मी वाद घातला, आवाज चढवला, अडाणी म्हणालो. ताईने तर दोन दिवस बोलणंच टाकलं. उपयोग शून्य. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. ताई रोज पाय दाखवायला सांगायची आणि ते मोजा न काढताच म्हणायचे, "बघितला मी, ठणठणीत आहे."

शेवटी मोज्याच्या वासानेच बिंग फुटलं. ताईने पाय ओढून घेतला तेव्हा मोजा कातडीला चिकटलेला होता. बोटांच्या मुळाशी बुटाला घडी पडते ना, त्या घडीने आतलं मांस खाल्लं होतं. ती जखम घेऊन ते दिवसभर उभे राहायचे, गिऱ्हाइकांशी हसायचे. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. भाऊजींचं जळत होतं आणि नेमकं त्यांनाच कळत नव्हतं.

उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुकानाचे मालक दवाखान्यात भेटायला आले, पायथ्याकडे एकदाही न बघता चांगलं चांगलं बोलले आणि गेले. मी दाराबाहेर उभा राहून रडलो. दुःख होतंच, पण रागही तेवढाच होता. या माणसाला धरून गदागदा हलवावं असं वाटत होतं आणि हलवून आता काही मिळणार नव्हतं.

दोन-चार दिवसांनी दुपारी ताई आणि मी त्यांच्याजवळ बसलो होतो. भाऊजी अचानक कण्हायला लागले. चेहरा घामाने डबडबला.

"काय होतंय?" ताईने विचारलं.

"उजवा अंगठा. ठणकतोय गं. बोटं चेपलीत सगळी."

इतके दिवस ज्या पायाने एक शब्द काढला नव्हता, तो आता, नसताना, बोलायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, कापलेला अवयवही दुखतो.

"बूट काढ माझा," भाऊजी ताईला म्हणाले. "फार आवळलाय. लेस तरी सैल कर."

माझ्या ताईने जन्मात कधी कुणाचं मन राखायला खोटं नाटक केलं नव्हतं. ती उठली, पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि चादर जिथे सपाट पडली होती तिथे दोन्ही हातांनी सावकाश गाठ सोडायला लागली.

"आता?" तिने विचारलं.

"अजून थोडी," भाऊजी म्हणाले.