फोटोपुरते बूट

नव्या कॅनव्हासच्या बुटांचा रबरी वास आला, की मला तळोद्यातली साठच्या दशकातली ती शर्यत आठवते. आमच्या गल्लीतल्या मोची चाचांनी टायरचा तळ आणि बकऱ्याचं मऊ चामडं लावून माझ्या मापाचे बूट शिवले होते. त्याच बुटांत मी तापलेल्या फुफाट्यातून पळालो आणि पहिला आलो. पण पेठेतल्या दुकानदाराने आदल्या दिवशीच मला गाठलं होतं, “फोटूना टायमाले आमना कंपनीना बूट घाल भाऊ, मंग ते तुन्हाच!” फोटोच्या वेळी धुळीचे पाय मी कंपनीच्या त्या पांढऱ्याशुभ्र बुटांत कोंबले आणि “यांच्यामुळेच जिंकलो,” असं सगळ्यांदेखत सांगितलं. गर्दीतून कोणी ओरडलं, “चाचा, तुमना टायर पंचर व्हयना!” लोक हसले. चाचांनी मी भिरकावलेले बूट उचलून झटकले, आत बोट फिरवून पाहिलं आणि जवळ येऊन हळूच विचारलं, “बेटा, मेरा जूता कहीं काटा क्या?” मी मान खाली घालून “कुठेच चावला नाही,” म्हणालो. पुढच्या हिवाळ्यात गावातल्या सगळ्या धावणाऱ्या पोरांनी कंपनीचेच बूट घेतले. होळीनंतर चाचा दुकान बंद करून सुरतेला गिरणीत गेले. आज सत्तरी ओलांडल्यावर मी खरं कबूल करतो आहे, पण ज्यांच्यापाशी करायचं ते चाचा कधी परत आलेच नाहीत.