शेंदऱ्याचं तळं आणि आमचा सावकाश

आमच्या धाकट्याला सगळे ‘सावकाश’ म्हणतात. लहानपणी चपला घालायला तो इतका वेळ लावायचा, की बाकीची भावंडं शाळेत पोचून हजेरी देऊन मोकळी व्हायची. आई दारात उभी राहून म्हणायची, “चालू दे, सावकाश!” तेच नाव चिकटलं. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, तरी गिऱ्हाईकं “सावकाशभाऊ आहेत का?” असंच विचारतात, आणि हा खुशाल ‘ओ’ देतो.

काम त्याचं मोटर भरायचं. पंख्याची, पंपाची, कसलीही मोटर जळली, की आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा देत बसवायची. एक वेढा चुकला, तार जरा ताणली, की गेली मेहनत पाण्यात. सावकाशनं भरलेली मोटर पुन्हा जळून आलेली कुणी दाखवावी, पैज! हे सांगणारा त्याचा सख्खा थोरला भाऊ आहे, तेव्हा कौतुक जरा चढ्या आवाजात होणारच. पण खोटं निघालं तर थोरला भर चौकात कान पकडेल. शाळा दोघांचीही बेताचीच. हातातली कला काय शाळा देते?

तर घरामागे परसात वडिलांनी स्वतः बांधलेलं छोटंसं तळं आहे. वडील गेले, तळं राहिलं, आणि तळ्यात शेंदऱ्या राहिला. शेंदऱ्या म्हणजे शेंदरी रंगाचा जाडजूड मासा, बोटाएवढा असताना वडिलांनी आणलेला. आई काठावर बसून पाण्यात बोटं हलवायची, की हा वर हजर. “पोटची पोरं ऐकत नाहीत, हा ऐकतो,” असं ती येईल त्याला सांगायची.

मग आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनच्या भीतीनं ती आज-उद्या करत राहिली, आणि शेवटी शेवटी तिला समोरचा माणूस नुसता धुरकट दिसायला लागला. आवाजावरून ओळखायची. घरातली सगळी तिच्या मागे, आणि तिकडे तळं हिरवं होत गेलं. पाणी असं गढूळ हिरवं, की हात मनगटापर्यंत घातला तर बोटं दिसेनात. वर शेवाळाची गोधडी.

“शेंदऱ्या कसा आहे रे?” आई विचारायची.

“मजेत आहे, आई!” जो तो सांगायचा. बघितला होता कुणी? कुणीच नाही. सावकाशला खोटं जमत नाही, म्हणून हा प्रश्न आला की तो हळूच उठून बाहेर जायचा.

शेवटी आई तयार झाली. एकामागून एक दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, झकास झाली. डॉक्टरांनी बजावलं, पुढच्या तपासणीपर्यंत धूळ नको, पाणी नको, वाकायचं नाही. परसात तर बिलकूल जायचं नाही. आई म्हणाली, “नाही जात. पण तपासणी झाली की आधी शेंदऱ्या बघणार. यांनी आणलेला जीव आहे तो.”

हे ऐकून घरात सगळ्यांना तळं आठवलं. पुढच्या सुट्टीला ताई आणि भाऊजी बादल्या, ब्रश आणि ब्लीचिंग पावडरचं पोतं घेऊनच आले.

“उपसायचं, घासायचं, नवं पाणी सोडायचं,” भाऊजी बाह्या सरसावत म्हणाले. “दुपारपर्यंत आरसा करतो.”

“आणि शेंदऱ्या?” सावकाशनं विचारलं.

ताईनं आवाज खाली आणला. “अरे राजा, तो असेल का आता? तसाच दुसरा आणून सोडू. आईला काय कळणार?”

“आता कळेल,” सावकाश म्हणाला. “आता दिसतंय तिला.”

 भाऊजी हसले, “म्हणजे तू करणार? तुझ्या हातानं? मग तपासणी नको, आमच्या नातवाच्या लग्नाचा मुहूर्त धर!” पोतं त्यांनी तिथंच भिंतीला टेकवून ठेवलं. तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत तळ दिसला नाही, तर पोतं फुटणार, असं ठरलं.

सावकाशनं आधी हातानं शेवाळ ओढून बघितलं. ते तुटलं, तुकडे पसरले, पाणी आणखी घाण. मग त्यानं एक खरबरीत काठी घेतली, शेवाळात घातली आणि जागच्या जागी फिरवत बसला. तार भरतात तशी. ताणायचं नाही, तोडायचं नाही, नुसता वेढ्यावर वेढा. बाहेर काढली तर काठीला हिरव्या लोकरीचा गुंडा! रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी हे चालू. काढलेलं शेवाळ थोडा वेळ काठावरच ठेवायचा, त्यातले बारीक जीव परत पाण्यात जावेत म्हणून. तळ्यातला बंद पडलेला पंप त्यानं नव्यानं भरला, आणि जुन्या गादीचा स्पंज बादलीत घालून त्यातून पाणी फिरतं केलं.

तरी चार दिवस गेले की पाणी पुन्हा हिरवं. सावकाश चक्रावला. एवढं शेवाळ पोसतंय कोण? त्यानं तळाचा गाळ वर काढला, तर त्यात माशाच्या खाण्याच्या गोळ्या. फुगलेल्या, कुजलेल्या, ढीगभर.

रात्री सगळे जेवायला बसले तेव्हा त्यानं विचारलं, “माशाला खाणं कोण घालतं?”

“मी घालते रोज सकाळी,” त्याची बायको म्हणाली.

“मी आले की घालते,” ताई म्हणाली. “आई विचारते ना, घातलंस का म्हणून.”

“मी आपली एक मूठ, जाता जाता,” भाऊजी.

थोरलाही घालायचा. त्याचा हात मुळातच मोठा, त्याची मूठ म्हणजे दुसऱ्याची ओंजळ.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “ऑपरेशनच्या आधी मीही घालायचे रे. चाचपडत जायचे. किती पडलं ते दिसायचं नाही, म्हणून जरा जास्तच घालायचे.”

हसू कुणालाच आवरेना. सगळ्यांनी आईचं मन राखलं आणि शेवाळाचं पोट भरलं! हसणं ओसरल्यावर आईनं विचारलं, “पण तो दिसतो ना?”

जो तो ताटात बघायला लागला.

“नाही, आई,” सावकाश म्हणाला. “बरेच दिवस कुणाला दिसला नाही. मी बघतोय.”

 आई म्हणाली, “बरं झालं, खरं सांगितलंस. बघ तू.”

खाण्याचा डबा कपाटात गेला. काठी फिरत राहिली. हळूहळू काठाचे दगड दिसले, मग तळ दिसला. पोतं फुटलं नाही. पण शेंदऱ्या काही दिसला नाही. पंपाशेजारी फरशीखाली अंधारी कपार आहे, तेवढीच काय ती बघायची राहिली होती.

तपासणी झाली. काळा चष्मा लावून आई परसात आली आणि काठाशी खुर्चीवर बसली.

“बोटं हलवून बघितलीस का?”

सावकाशनं कपाळावर हात मारला. “रोज काठीच घातली, आई.”

“अरे वेड्या, काठी बघून कोण येईल? मला अजून वाकायला मनाई आहे. तू हलव.”

तो गुडघ्यावर बसला आणि घाबऱ्या घाबऱ्या पाणी ढवळायला लागला.

“हळू! एवढी घाई कसली?” आई म्हणाली.

भाऊजींनी ताईकडे बघितलं. सावकाशला हे आजवर जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

त्यानं हात संथ केला. बोटं जेमतेम हलत होती. कपारीतून आधी एक तोंड आलं, मग अख्खा शेंदऱ्या. रंग फिका झालेला, पण शेपटीची जुनी चीर तीच. आला आणि त्याच्या बोटांना तोंड लावून बघायला लागला. ताई तिथंच रडायला लागली.

“आला बघ, आई!” सावकाश म्हणाला.

आईनं एकदा पाण्याकडे बघितलं, डोळे भरून बघितलं. मग तिची नजर वळली ती समोर वाकलेल्या धाकट्याच्या डोक्यावर.

“अरे,” ती म्हणाली, “तुझे केस कधी पिकले?”

“झाली की वर्षं.”

“मला धरून धरून चालवत होतास, आणि मला दिसलंच नाही.” तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला. “शेंदऱ्या राहिला, तूही राहिलास. मला आणखी काय पाहिजे?”

सावकाशची बोटं अजून पाण्यातच होती. त्याला वेळ लागतोच. तेवढ्यात ताई डोळे पुसत कपाटाकडे निघाली. “बिचारा उपाशी असेल, जरा खायला...”

“नको!” सगळे एकदम ओरडले.

डबा आता आईच्या ताब्यात असतो. चिमूट घालते, तीही दोनदा बघून. आणि थोरला? आईला हाताला धरून चालवलं धाकट्यानं, तळं साफ केलं धाकट्यानं. थोरला नुसता गल्लीभर सांगत सुटलाय. पण असा भाऊ मिळाल्यावर सांगायलाही कुणीतरी लागतंच की!